वहिवाट

दर मंगळवारी सकाळी सातच्या आत आमच्या परसातून चाकांचा खडखडाट जायचा. शेजारचे आजोबा आपली कचरापेटी त्यांच्या मागच्या दारातून काढत, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या फरशीवरून ओढत नेत आणि आमचं फाटक उघडून मागच्या पाणंदीत ठेवून येत. परत जाताना कडी लावत, आणि लागली की नाही ते दोनदा हलवून बघत. एका आठवड्याला कचऱ्याची पेटी, दुसऱ्या आठवड्याला रद्दी-बाटल्यांची, आवाज तोच. जवळजवळ सतरा वर्षं मी तो अंथरुणात पडल्या पडल्या ऐकला.

त्यांचाही इलाज नव्हता. चार घरांची ओळ, भिंतीला भिंत लागून. आम्ही टोकाला, ते आमच्या शेजारी. त्यांचं पुढचं दार थेट रस्त्यावर उघडायचं आणि मागचं अंगण चहूकडून बंद. पेटी दिवाणखान्यातून न्यायची नसेल तर आमच्या परसाखेरीज वाट नाही.

2006 च्या सप्टेंबरात आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते दारात उभे. हातात एक मॅरो, म्हणजे आपल्या दुधीचा जाडजूड चुलतभाऊ. तो माझ्या हवाली करून म्हणाले, मंगळवारी पेटी इथून न्यायला तुमची हरकत नाही ना? आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "नॉट ॲट ऑल!" मनात अर्थातच 'छे छे, हे काय विचारणं झालं' होतं. हे तीन इंग्रजी शब्द पुढे वकिलाच्या टेबलावर जाऊन बसतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

गाव रटलंडमधलं. इंग्लंडातला हा चिमुकला परगणा 1974 मध्ये सरकारने लेस्टरशरच्या पोटात घातला. इथली माणसं धुमसत राहिली आणि 1997 मध्ये तो परत वेगळा झाला. गावाचं नाव लिहीत नाही. एवढ्याशा गावाचं नाव सांगणं म्हणजे घरच सांगणं. घरं सगळी लोहदगडाची, गुळाच्या ढेपेच्या रंगाची. छपरावर कॉलिवेस्टनचे दगडी पत्रे. या पत्र्यांवर माझा फार जीव. पूर्वी हिवाळ्यात खाणीतून चुनखडीचे ठोकळे काढून उघड्यावर मांडत, ते ओले ठेवत आणि रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीवर सोडून देत. थंडी त्यांचे पदर सोडवायची. माणसाने फक्त हातोडीने ते सुटे करायचे. हिवाळा नरम गेला तर त्या वर्षी माल नाही. आता हिवाळ्यांचाच भरवसा राहिला नाही म्हणून ठोकळे यंत्राने गोठवतात. या सगळ्याचं मला कौतुक वाटायचं. घर विकायला काढलं तेव्हा कळलं की गिऱ्हाइकाच्या वकिलाला त्यात 'दुरुस्तीचा संभाव्य खर्च' एवढंच दिसतं.

विकायचं कारण साधं. नवऱ्याच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला आणि 2022 च्या फेब्रुवारीत त्याने गाडी चालवायचा परवाना परत पाठवून दिला. मी चालवते, पण रात्री नाही, पावसात नाही, म्हणजे इंग्लंडात जवळजवळ नाहीच. गावात दुकान नाही. टपाल कचेरी आम्ही यायच्या आधीच बंद झालेली. पब आहे, पण चारच दिवस उघडा. लाल टेलिफोन बूथ आहे, त्यात फोनऐवजी हृदय बंद पडल्यावर झटका देणारं यंत्र. बस आहे, पण ती आपल्या सोयीने येते. गाडी चालवता येणं बंद झालं की अशा गावात माणूस फोटोतल्या देखाव्यात अडकल्यासारखा होतो. बाहेरून येणारे म्हणतात, किती सुंदर. आपण म्हणतो, कोथिंबीर संपली. कोथिंबीर लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडवर. तेव्हा लेस्टरलाच फ्लॅट बघायचा ठरला.

एजंट आला. तरुण, चुणचुणीत, बूट टोकदार. घरभर फिरून म्हणाला, घर फार छान आहे, फक्त यातलं तुमचं सामान थोडं कमी दिसायला हवं. म्हणजे फोटो उतरवायचे, फ्रीजवरची चुंबकं काढायची, दारामागचे कोट लपवायचे. थोडक्यात, या घरात माणसं राहतात याचा पुरावा नाहीसा करायचा. मग अगदी अदबीने, जमिनीकडे बघत, बघणारे यायच्या आदल्या दिवशी 'स्ट्राँग कुकिंग' टाळता आलं तर बरं, असंही सांगितलं. मी मान डोलावली आणि पुढचे दोन महिने बिनफोडणीची खिचडी केली.

आमच्या दिवाणखान्यात आत माणूस उभा राहील एवढी जुनी चूल होती, आणि तिच्या कुशीत पाव भाजायची विटांची भट्टी. त्या भट्टीत आमचे देव. कोनाडा आयता, धुराने काळवंडलेला, गणपतीला आणि बाळकृष्णाला शोभून दिसणारा. एजंट म्हणाला, ही भट्टी म्हणजे मोठं आकर्षण, फोटोत रिकामी हवी. देवांना दोन तासांसाठी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांशेजारी बसवलं. नवरा म्हणाला, त्यांनाही जरा ऊब मिळेल. पुढे गिऱ्हाइकाचा सर्व्हेअर आला तेव्हा मात्र देव जागेवर होते. पन्नास-साठ पानी अहवालात त्याने लिहिलं: 'भट्टी सध्या शोभेच्या वस्तू ठेवण्यासाठी वापरात.' देव इतक्या सभ्यपणे कुणी नोंदवले नसतील.

घर बघायला अकरा कुटुंबं आली. त्यांतून मी एक शिकले. इंग्रज माणूस घर बघताना दर खोलीत 'लव्हली' म्हणाला की समजावं, घेत नाही. ज्यांनी जिन्याची पायरी दाबून पाहिली, ओल कुठे आहे विचारलं, तेलाची टाकी किती जुनी ते पाहिलं, तेच परत आले. वडील आंब्याच्या गिऱ्हाइकांबद्दल हेच सांगायचे: जो पेटी उघडून नाक मुरडतो त्याला पाणी द्या, तो घेऊन जाणार.

जूनमध्ये लंडनच्या एका तरुण जोडप्याने किंमत कबूल केली. आकडा इथे देत नाही. 1995 नंतरच्या बहुतेक विक्रीच्या किमती लँड रजिस्ट्रीकडे कुणालाही फुकट बघता येतात आणि आमच्या गावात सगळ्यांनी बघितल्याच आहेत. पैशाबद्दल तोंडाने अवाक्षर न काढणारी ही माणसं रात्री संगणकावर एकमेकांच्या घरांच्या किमती बघतात, याची मला अजूनही गंमत वाटते.

आम्ही पेढे वाटले नाहीत, पण वाटायच्या बेतात होतो. एजंटने पाटीवर आडवी पट्टी लावली: सोल्ड, सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट. त्या शेपटीकडे माझं लक्षच गेलं नाही.

रत्नागिरीकडे आमच्या वडलांनी 1978 मध्ये हापूसची लहानशी वाडी घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. व्यवहार ठरला तो ओटीवर. सुपारी फुटली, 501 रुपये बयाणा दिला, चहा झाला. साठेखत, खरेदीखत, सातबाऱ्यावर नाव, हे सगळं मागाहून, तालुक्याच्या सवडीने. मधल्या काळात मुंबईच्या एकाने जास्त पैसे देऊ केल्याचं आमच्या कानावर आलं, तेव्हा विकणारा म्हणाला होता, "शब्द गेलाय." इंग्लंडात ज्या माणसांनी मला रांग, वेळ आणि दिलेल्या शब्दाची किंमत शिकवली, त्यांच्या देशात घराचा ठरलेला सौदा म्हणजे निव्वळ वारा असतो हे मला साठीनंतर कळलं. 1989 च्या कायद्याप्रमाणे जमिनीचा करार लेखी आणि सहीचाच हवा. दोन्हीकडच्या कराराच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत विकणारा जास्त किंमत देणाऱ्याकडे वळू शकतो, घेणारा आदल्या दिवशी वीस हजार कमी करा म्हणू शकतो, आणि कुणीही कारण न देता उठून जाऊ शकतो. पहिल्या दोन प्रकारांना त्यांच्या भाषेत खास शब्द आहेत, गॅझंपिंग आणि गॅझंडरिंग. वेगळा शब्द पाडायची वेळ आली, तेव्हाच ओळखावं हे रोजचं आहे. उत्तरेला स्कॉटलंडमध्ये असं नाही, तिथे पत्रांनी सौदा लवकर बांधला जातो. पण आमचं घर सीमेच्या बरंच खाली.

त्यात साखळी. आमचं घर घेणारं जोडपं आपला लंडनचा फ्लॅट विकणार. तो घेणारी बाई आपला छोटा फ्लॅट विकणार. तो घेणारा मुलगा पहिल्यांदाच घर घेतोय. आम्ही ज्यांचा लेस्टरचा फ्लॅट घेणार ते कुठेतरी समुद्राकाठी जाणार. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच दुपारी घरं बदलायची. आगगाडीच्या डब्यांसारखी ही माणसं एकमेकांना जोडलेली, आणि इंजिन म्हणजे तो तळातला मुलगा. त्याला आम्ही कधी पाहिलं नाही, त्याचं नाव माहीत नाही, पण जुलै-ऑगस्टभर देवापुढे दिवा लावताना मी त्याच्या कर्जासाठी प्रार्थना केली.

दिवा कमी पडला. वकिलांच्या प्रश्नोत्तरांत उन्हाळा गेला, आणि 23 सप्टेंबरला अर्थमंत्री क्वार्टेंग यांनी तो गाजलेला 'मिनी-बजेट' मांडला. पाउंड घसरला, सरकारी रोख्यांचे दर उसळले आणि कर्ज देणाऱ्यांनी शेकड्यांनी योजना एका आठवड्यात मागे घेतल्या. ऑक्टोबरात दोन वर्षांच्या ठरावीक दराची सरासरी 6 टक्क्यांच्या वर गेली. त्या मुलाचा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता. त्याच अर्थसंकल्पाने घर घेणाऱ्याला स्टँप ड्यूटी माफ असण्याची मर्यादा सव्वा लाख पौंडांवरून अडीच लाखांवर नेली होती. म्हणजे एका हाताने खिशात घातलं आणि दुसऱ्या हाताने खिसाच कापला. अर्थमंत्री 14 ऑक्टोबरला गेले, पंतप्रधान ट्रस यांनी 20 तारखेला राजीनामा जाहीर केला. आमची साखळी त्या दोघांच्या मधे कधीतरी तुटली. एजंटचा फोन आला तेव्हा मी हळदीच्या डब्यांना बुडबुड्यांचा कागद गुंडाळत होते. तो म्हणाला, फार वाईट वाटतं, पण तळातला मुलगा बाहेर पडला. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. मुलगा तिशीच्या आतला असणार.

पाटीवरची पट्टी निघाली. शेजारचे आजोबा त्या मंगळवारी पेटी ठेवून परतताना खिडकीशी थांबले आणि म्हणाले, म्हणजे अजून थोडे दिवस आहात तर. बरं झालं, असं म्हणाले नाहीत. पण कडी त्या दिवशी एकदाच हलवली.

दुसरं गिऱ्हाईक 2023 च्या फेब्रुवारीत आलं. चाळिशीतल्या दोघी, एक शाळेत शिक्षिका, भाड्याच्या घरात राहणाऱ्या, त्यामुळे त्यांच्या खाली साखळी नाही. त्यांनी जिन्याची पायरी दाबून पाहिली.

आता कागदांचं सांगते. विकणाऱ्याने भरायचे दोन मोठे तक्ते असतात. पहिल्यात काय ठेवणार, काय नेणार. पडद्यांच्या दांड्या, साबणदाणी, टॉयलेटचा कागद अडकवायची खुंटी, कपडे वाळत घालायची दोरी, अंगणातली झाडं, टाकीतलं तेल: प्रत्येकापुढे खूण करायची. छताचा दिवा नेलात तर त्या जागी वायर, होल्डर आणि बल्ब लावून द्यायचा, असा नियम. आमच्या गावाकडे घर रिकामं करताना मागे एक दिवा आणि चिमूटभर मीठ ठेवतात. हा बल्ब मला त्याचाच सरकारी अवतार वाटला. कढीपत्त्याच्या कुंडीपुढे मी तीनदा 'नेणार' लिहिलं.

दुसरा तक्ता घराच्या चालचलणुकीचा. शेजाऱ्यांशी भांडण झालंय का, पुराचं पाणी आलंय का, जपानी नॉटवीड नावाचं ते चिवट तण आहे का. एक प्रश्न देवळाचाही निघाला. जुन्या काळी चर्चच्या गाभाऱ्याची डागडुजी ही काही जमिनींवरची जबाबदारी असे, आणि जमीन हिंडत हिंडत कुणाकडेही गेली तरी ती मागे यायची. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या वॉलबँक दांपत्याकडे अशीच सुमारे 95 हजार पौंडांची मागणी आली. ते लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, भांडले आणि 2003 मध्ये हरले. 2013 च्या ऑक्टोबरनंतर नोंदणीपत्रात तशी नोंद नसेल तर नव्या खरेदीदारावर ती जबाबदारी येत नाही, पण वकील अजूनही शोध घेतातच. आमचा शोध कोरा आला. मी चर्चमध्ये न जाता तिथल्या घंटेला हात जोडले.

स्वयंपाकघराच्या खिडकीने मात्र महिना खाल्ला. घर ग्रेड दोनचं, म्हणजे वारसा यादीतलं. त्यात परवानगीशिवाय बदल करणं गुन्हा, आणि नोटिशीला मुदत नाही, ती नव्या मालकालाही लागू होते. आमच्या आधीच्या मालकाने कधीतरी खिडकी बदललेली, परवानगीचा कागद नाही. उपाय काय? विमा. आणि त्या विम्याची अट अशी की या बाबतीत परगण्याच्या कचेरीत कुणाशी बोलायचं नाही. बोललात तर विमा मिळायचा नाही. खरं काय ते विचारू नका, म्हणजे आम्ही तुम्हाला संरक्षण देतो. गप्प बसण्याचा विमा मिळणारा हा पहिलाच देश मी पाहिला. हप्ता अर्थात आम्ही भरला.

आणि मग आठव्या भागातला तो प्रश्न: तुमच्या जागेवर दुसऱ्या कुणाचे हक्क अथवा 'अनौपचारिक व्यवस्था' आहेत का?

मी लिहिलं, हो, शेजारी मंगळवारी कचरापेटी नेतात. वकीलबाईंचा फोन लगेच आला. आवाजावरून त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, नोंदणीपत्रात तर असं काही नाही. ते कधीपासून नेतात? मी म्हटलं, आमच्या कितीतरी आधीपासून. मग त्यांनी विचारलं, आणि मला फोन हातात धरून खाली बसावं लागलं: "विचारून नेतात, की न विचारता?"

हा प्रश्न मी आधी ऐकला होता. मराठीत, रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर, वडाच्या पारावर बसून. 501 रुपयांच्या बयाण्यावर घेतलेल्या त्या वाडीतून पलीकडच्या घरची गुरं जायची. दोन कलमांच्या मधून, गडगा जिथे पडला होता तिथून. वडलांनी गडगा बांधून घेतला आणि पलीकडच्यांनी दावा लावला. शब्द पाळणारी माणसं आमच्याकडे होती, तशी अकरा वर्षं कोर्टात जाणारीही आमचीच. आमचे वकील वडलांना परत परत विचारत, "ते तुमची परवानगी काढून जात होते का? एकदा तरी विचारलं का? आठवा." वडलांना आठवेना, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आणि म्हणूनच आम्ही हरलो. जो वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता जातो त्याला वहिवाटीचा हक्क लागतो. जो सभ्यपणे विचारून जातो तो आयुष्यभर पाहुणाच राहतो. आज या म्हणालात, उद्या नका म्हणा. हिंदुस्थानातला 1882 चा कायदा आणि इंग्लंडातला 1832 चा, दोन्हींत वर्षं वीसच. जबरदस्तीने नाही, चोरून नाही आणि परवानगीने नाही, ही तीन कलमं इथले वकील अजून लॅटिनमध्ये म्हणतात. वडलांना हे त्या काळी फार अन्यायाचं वाटलं होतं. माझ्यापुढे तेच उलट्या बाजूने येऊन उभं राहिलं. आजोबांनी विचारलं होतं. मॅरो हातात घेऊन विचारलं होतं. मी खरं लिहिलं तर त्यांचा हक्क त्यांच्याच चांगुलपणाने बुडणार, आणि घर घेणाऱ्यांना ते सोयीचंच. वकीलबाई स्पष्ट बोलल्या नाहीत, पण त्यांच्या आवाजात सुटकेचा सूर लागायच्या बेतात होता.

मी म्हटलं, आठवून सांगते. मुलगी म्हणाली, "आई, 'माहीत नाही' लिही ना, एवढं काय त्यात!" नवरा म्हणाला, खरं ते लिही. दोघांचंही मला पटलं, त्यामुळे तीन आठवडे काहीच लिहिलं नाही. मंगळवारी खडखडाट आला की मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची.

शेवटी गेलेच त्यांच्याकडे. खिडकीच्या विम्यासारखी इथे न बोलण्याची अट नव्हती, असती तरी बहुधा गेले असते. त्यांना सगळं सांगितलं, मॅरोसकट. ते ऐकून घेत होते, मग उठले आणि जिन्याखालून शॉर्टब्रेडचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत घराचे कागद. ते त्या घरात 1961 पासून, आणि घर विकलं गेलं की त्याची नोंदणी इंग्लंडभर सक्तीची झाली ती 1990 च्या डिसेंबरपासून. त्यांचं घर त्यानंतर विकलंच गेलं नाही, म्हणून सरकारदफ्तरी त्या घराचा पत्ता नव्हता. जे काही होतं ते या डब्यात. पहिल्या महायुद्धानंतर जहागीरदारांनी जमिनी विकायला काढल्या, तेव्हा ही ओळही तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली होती. त्या वेळचं 1920 चं खरेदीखत, कातड्यासारख्या जाड कागदावर, चार घड्या घातलेलं, घडीवर कापसासारखं झालेलं. मी चष्मा सावरून वाचलं. जळण, कोळसा, राख आणि मैला यांची ने-आण करण्यासाठी, हातगाडीसह अथवा हातगाडीविना, टोकाच्या घराच्या परसातून पाणंदीपर्यंत जाण्या-येण्याचा हक्क, सर्व काळ.

आमच्या घराची पहिल्यांदा नोंदणी झाली तेव्हा कुणाच्या तरी हातून ते वाक्य गळलं असणार. हक्क होताच. विचारलं काय, न विचारलं काय.

मी म्हटलं, कागद होता, तर मग तुम्ही आम्हाला विचारलंत कशाला?

त्यांना प्रश्नच कळला नाही. "तुमच्या खिडकीखालून जायचं होतं ना," म्हणाले.

कागदाची प्रत वकीलबाईंकडे गेली. घेणाऱ्या दोघी बिचकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त कुठला वार ते विचारलं. मे महिन्यात करारांची अदलाबदल झाली, आणि ती कशी होते ते ऐकून मी पुन्हा एकदा चकित झाले. दोन वकील एकमेकांना फोन करतात, लॉ सोसायटी या वकिलांच्या संस्थेने ठरवून दिलेल्या सूत्राप्रमाणे चार वाक्यं बोलतात, घड्याळातली वेळ टिपून ठेवतात, की झालं, सगळे बांधले गेले. इतके महिने कुणाच्याही तोंडच्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. शेवटी सौदा पक्का झाला तो शब्दावरच, फक्त तो आमचा नव्हता.

जूनच्या एका शुक्रवारी घर सोडलं. सकाळी टाकीतलं तेल मोजायचं होतं, कारण त्याचे पैसे वेगळे ठरले होते. वकिलांना हे लिहून हवं होतं, पण आम्ही आणि त्या दोघींनी कुंपणावरूनच ठरवलं, जेवढं भरेल तेवढ्याचे मागच्या बिलाच्या दराने द्यायचे. टोमॅटोच्या वाफ्यातला बांबू उपसून पुसला, टाकीत सोडला, बाहेर काढला. ओली खूण कुठे संपते ते नवऱ्याला दिसेना, मी बोट लावून धरलं, त्याने फूटपट्टी धरली. रॉकेलचा वास बोटाला लेस्टरपर्यंत होता. बांबूचा फोटो त्यांना पाठवला, पैसे पाच मिनिटांत आले. दिव्यांच्या जागी बल्ब होते. भट्टीच्या कोपऱ्यात मी चिमूटभर मीठ ठेवलं. ते कुठल्या तक्त्यात बसत नव्हतं.

पुढच्या बुधवारी फ्लॅटमध्ये खोकी उघडत होते तर शिक्षिकाबाईंचा निरोप आला. शेजारचे आजोबा ब्रॉड बीन्सची पिशवी घेऊन आले होते. मंगळवारी पेटी इथून न्यायला हरकत नाही ना, असं विचारत होते. त्यांच्याकडे तर कागद आहे ना? मग आम्ही नेमकं काय म्हणायचं असतं?

मी लिहिलं, "नॉट ॲट ऑल."